सूज आलेल्या फुफ्फुसाची स्लाइड कशी बघायची: नवीन रेसिडेंटसाठी पायरी पायरीने

पॅथॉलॉजीला नवीन लागलेल्या मुलामुलींच्या हातात फुफ्फुसाची स्लाइड दिली की बहुतेकजण थेट ४०एक्स (चाळीसपट मोठं दाखवणारी लेन्स) लावतात आणि सेल ओळखायला बसतात, लिम्फोसाइट दिसले, मॅक्रोफेज दिसले (दोन्ही शरीराच्या संरक्षणाच्या पेशी), की "क्रॉनिक इन्फ्लमेशन" लिहून मोकळे. असा रिपोर्ट हातात पडला तर चेस्टच्या डॉक्टरने काय करायचं? आजारी फुफ्फुसात लिम्फोसाइट असणारच, ते नेमके कुठे बसलेत ते सांगा ना. ब्रॉंकिओलच्या (हवेच्या बारीक नळीच्या) भोवती आहेत, अल्व्हिओलसच्या (हवेच्या फुग्याच्या) भिंतीत सगळीकडे सारखे पसरलेत, की प्लुराच्या (फुफ्फुसावरच्या आवरणाच्या) खाली फक्त, यावर आजाराचं नाव बदलतं आणि औषधही बदलतं. म्हणून या लेखात मी सेलपेक्षा जागेवर जास्त वेळ घालवणार आहे.

उदाहरण म्हणून हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस घेते, सगळे एचपी म्हणतात तो. श्वासावाटे वारंवार आत जाणाऱ्या बुरशीच्या किंवा पक्ष्यांच्या प्रोटीनवर इम्यून सिस्टिम चिडते आणि फुफ्फुसात दाह सुरू होतो. आपल्याकडे हा आजार किती कॉमन आहे याचा अंदाज भारतातल्या आयएलडी (फुफ्फुसाच्या भिंती जाड होणारे आजार) रजिस्ट्रीवरून येतो, १९ शहरांतल्या २७ सेंटरमधले १०८४ पेशंट होते, २०१७ मध्ये पेपर आला आणि त्यात सगळ्यात मोठा गट एचपीचाच निघाला, ४७.३ टक्के, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांकडे एअर कूलरचा एक्स्पोजर होता. मुंबईकरांना कबुतरांचं वेगळं सांगायला नको, २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्याचा वाद हायकोर्टापर्यंत गेला तेव्हा या आजाराचं नाव घराघरात पोचलं.

पायरी १: आधी फॉर्म आणि बाटली, मग मायक्रोस्कोप

रिक्विझिशन फॉर्म पूर्ण वाचा. वय, सिगारेट, किती दिवसांचा दम, ताप आहे का, सांधेदुखी आहे का, नोकरी काय, घरात पक्षी, कूलर, ओल आलेली भिंत, शेतात कडबा किंवा ओलं धान्य हाताळणं, आणि सीटीमध्ये काय दिसलंय. फॉर्मवर नुसतं "आयएलडी" लिहिलेलं असेल तर फोन उचला आणि विचारा, सरळ वॉर्डला फोन करा, कोणी रागवत नाही आणि रागावलं तरी चालेल. एचपीचं निदान हिस्ट्रीशिवाय अर्धंच राहतं.

मग बघा की तुकडा कसा काढलाय. ब्रॉंकोस्कोपीतून फोर्सेप्सने काढलेले तुकडे २-३ मिलिमीटरचे असतात, डिफ्यूज आजारात असे ५-६ तरी हवेत. क्रायोबायोप्सीचा, म्हणजे गोठवून काढलेला, तुकडा याच्यापेक्षा बराच मोठा, साधारण अर्धा सेंटिमीटर किंवा जास्त. आणि सर्जरी करून काढलेली वेज बायोप्सी सगळ्यात मोठी, ती शक्यतो एकापेक्षा जास्त लोबमधून घेतलेली असावी. ही सर्जरी पेशंटसाठी साधी नसते, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या मोठ्या डेटात ठरवून केलेल्या सर्जिकल बायोप्सीतही हॉस्पिटलमध्येच दगावण्याचं प्रमाण १.७ टक्के निघालं होतं आणि इमर्जन्सीत केली तर १६ टक्के. इतकी जोखीम घेऊन कोणीतरी तो तुकडा तुमच्याकडे पाठवलाय, तेव्हा ग्रॉसिंगला, म्हणजे तुकडा डोळ्यांनी बघून कापायला, घाई करू नका.

वेज बायोप्सी आली की तिच्यात बारीक सुईने सिरिंजमधून हळूहळू फॉर्मलिन सोडा, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, म्हणजे मिटलेल्या अल्व्हिओलाय उघडतात. हे न करता कापलं तर सगळं दाबून बसलेलं दिसतं आणि नंतर ४एक्सवर भिंती जाड झाल्यात की नुसत्या मिटल्यात हे कळत नाही. आणि एक गोष्ट ओटीतल्या आणि ब्रॉंकोस्कोपी रूममधल्या लोकांना आधीपासून सांगून ठेवा, कल्चर आणि टीबीच्या टेस्टसाठीचा तुकडा सलाइनमध्ये वेगळा पाठवायचा, फॉर्मलिनमध्ये गेलेल्या तुकड्यात काहीही उगवत नाही. हे दरवेळी सांगावं लागतं.

लहान बायोप्सी असेल तर टेक्निशियनला पहिल्याच कटिंगला ४-५ कोऱ्या स्लाइड जास्तीच्या काढून ठेवायला सांगा. नंतर झेडएन (टीबीचे जंतू दाखवणारा स्टेन) आणि जीएमएस (बुरशी दाखवणारा स्टेन) यांच्यासाठी ब्लॉक परत लावला की ट्रिमिंगमध्ये टिश्यू संपून जातो.

पायरी २: नॉर्मल फुफ्फुस डोळ्यात बसवा

नॉर्मल फुफ्फुस स्कॅनरवर, म्हणजे ४एक्सवर, आंबोळीला पडलेल्या जाळीसारखं दिसतं, बहुतेक जागा हवेची आणि मध्ये बारीक बारीक धागे. ते धागे म्हणजे अल्व्हिओलसच्या भिंती. प्रत्येक भिंतीत जवळजवळ फक्त केशवाहिन्या, दोन्ही बाजूंनी पातळ टाइप वन सेलचं अस्तर, आणि कोपऱ्याकोपऱ्यात एखादा गुबगुबीत टाइप टू सेल. टाइप वन सेल ९५ टक्के पृष्ठभाग झाकतात पण इतके चपटे की तुम्हाला ते सहज दिसत नाहीत आणि दिसले नाहीत हेच नॉर्मल.

मोजपट्टी हवी असेल तर लाल पेशी वापरा. ती साधारण ७ मायक्रॉनची आणि प्रत्येक स्लाइडमध्ये फुकट मिळते. भिंतीची जाडी एक-दोन लाल पेशींइतकी असेल तर ठीक, पाच-सहा मावत असतील तर थांबा आणि बघा आत काय भरलंय.

मग रस्ते ओळखा. ब्रॉंकिओल आणि पल्मनरी आर्टरी जोडीने चालतात, दोघांची साइज साधारण सारखी. व्हेन मात्र यांच्यापासून दूर, लोब्यूलच्या (फुफ्फुसाच्या छोट्या कप्प्याच्या) कडेच्या सेप्टममध्ये, म्हणजे पडद्यात. लिम्फॅटिक (लसीका वाहून नेणाऱ्या नळ्या) तीन ठिकाणी: या जोडीच्या भोवती, सेप्टममध्ये आणि प्लुरामध्ये. हा नकाशा पाठ नसेल तर पुढच्या पायऱ्यांचा काही उपयोग नाही, तेव्हा आधी एखाद्या ऑटोप्सीतली चांगली फुफ्फुसाची स्लाइड घ्या आणि कागदावर पेन्सिलने हा नकाशा काढा, खरंच काढा.

पायरी ३: पाच मिनिटं फक्त ४एक्स

ऑब्जेक्टिव्ह फिरवायचा नाही. स्लाइड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत एवढंच बघा: फुफ्फुसाची जाळी शाबूत आहे की मोडली, बदल सगळीकडे सारखा आहे की पॅचेसमध्ये, पॅचेसमध्ये असेल तर पॅचच्या मध्यभागी काय आहे, आणि भरलेलं काय आहे, भिंत की हवेची जागा.

शेवटचा प्रश्न नव्यांचा सगळ्यात गोंधळ करतो. न्यूमोनियात भिंत बऱ्यापैकी पातळच राहते आणि हवेच्या जागेत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि फायब्रिन (रक्त गोठवणारं प्रोटीन) खचाखच भरतात. एनएसआयपी (नॉनस्पेसिफिक इंटरस्टिशियल न्यूमोनिया, म्हणजे भिंतींचा दाह) पॅटर्नमध्ये उलटं, हवेची जागा रिकामी आणि भिंती सगळीकडे एकसारख्या जाड. ऑर्गनायझिंग न्यूमोनियात हवेच्या जागेत आणि बारीक नळ्यांत फिकट निळसर-करड्या रंगाचे गोलसर गड्डे दिसतात, त्यांना मॅसन बॉडी म्हणतात, कोवळ्या फायब्रोब्लास्टचे असतात आणि स्टिरॉइडला बऱ्याचदा छान प्रतिसाद देतात म्हणून ते ओळखणं पेशंटच्या फायद्याचं असतं.

एचपीमध्ये ४एक्सवर काय दिसतं? भिंती जाड आहेत पण सगळ्या सारख्या नाहीत, जिथे ब्रॉंकिओल आहे तिथे निळेपणा (लिम्फोसाइटची गर्दी) जास्त आणि तिथून लांब गेलं की कमी कमी होत जातो. कारण सरळ आहे, त्रास देणारी गोष्ट श्वासनलिकेतून येते. एकदा हा निळा ठिपका, पुढे गेल्यावर पुन्हा निळा ठिपका आणि प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी आर्टरी आणि ब्रॉंकिओलची जोडी, असं दिसलं की वहीत "ब्रॉंकिओलसेंट्रिक" लिहा आणि मगच १०एक्सवर जा. लहान तुकड्यात एकच ठिपका येतो किंवा तोही येत नाही, मग हा शब्द जबरदस्तीने लिहायचा नाही.

पायरी ४: खोटे बदल बाजूला काढा

मिटलेलं फुफ्फुस जाड भिंतीचं वाटतं, हे वर आलंच. फोर्सेप्सच्या दाबाने चिरडलेले लिम्फोसाइट निळ्या रेघा होऊन पसरतात, त्यावर कुठलंही मत देऊ नका. तुकड्यात गोल गोल रिकामी भोकं दिसली तर ती चरबी समजू नका, हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. ताजं रक्त अल्व्हिओलसमध्ये दिसलं तर ते बायोप्सी घेतानाचं असू शकतं, जुन्या रक्तस्रावात हिमोसिडेरिन (जुन्या रक्तातलं लोह) खाल्लेले मॅक्रोफेज सापडतात, सोनेरी-तपकिरी, जाडसर, चमकणारे दाणे. सिगारेटवाल्यांच्या मॅक्रोफेजमध्येही तपकिरी रंग असतो पण तो बारीक भुकटीसारखा. गोंधळ झाला तर पर्ल्स स्टेन (लोह दाखवणारा) करा, हिमोसिडेरिन गडद निळं होतं आणि सिगारेटचा रंग फार तर फिका. काळा कोळशाचा रंग शहरात राहणाऱ्या जवळपास सगळ्यांच्या फुफ्फुसात सापडतो, त्याला आजार म्हणू नका.

पायरी ५: आता सेल

आता ४०एक्स लावा. न्यूट्रोफिल हवेच्या जागेत भरपूर म्हणजे आधी इन्फेक्शनचा विचार. इओसिनोफिल (ॲलर्जीत आणि जंतांत वाढणाऱ्या पेशी) भरभरून, सोबत मॅक्रोफेज आणि फायब्रिन, म्हणजे इओसिनोफिलिक न्यूमोनिया, मग औषधं, जंत आणि बुरशी या तिन्हीची चौकशी करा, आणि पेशंटला आधीच स्टिरॉइड दिलंय का तेही विचारा कारण दिलं असेल तर इओसिनोफिल झपाट्याने गायब होतात. प्लाझ्मा सेल (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) खूप आणि लिम्फोसाइटचे जर्मिनल सेंटरवाले गोळे दिसले तर रुमॅटॉइड किंवा शोग्रेनसारखा ऑटोइम्यून आजार आहे का ते विचारा, कधी कधी सांधे दुखायच्या आधी फुफ्फुस बोलतं.

दम्याच्या पेशंटमध्ये गोष्ट नळीच्या भिंतीची असते. अस्तराखालची बेसमेंट मेम्ब्रेन जाड गुलाबी पट्ट्यासारखी, स्नायू वाढलेला, गॉब्लेट सेल वाढलेले आणि इओसिनोफिल. अल्व्हिओलसमध्ये विशेष काही नसतं.

टाइप टू सेलकडे लक्ष द्या. भिंतीवर ओळीने उभे राहिलेले, फुगलेले, मोठ्या न्यूक्लिअसचे सेल म्हणजे टाइप वन मेलेत आणि दुरुस्ती चालू आहे. फार मोठी इजा असेल तर हे सेल इतके विचित्र दिसतात की कॅन्सरची शंका यावी, म्हणून सोबत हायलाइन मेम्ब्रेन शोधा, अल्व्हिओलसच्या आतल्या कडेला चिकटलेला एकसंध गुलाबी थर. तो म्हणजे डिफ्यूज अल्व्हिओलर डॅमेज, एआरडीएसमधला (फुफ्फुस अचानक निकामी होतं त्यातला) बदल, इजेनंतर पहिल्या आठवड्यात जास्त ठळक दिसतो आणि पुढे फायब्रोब्लास्ट भरायला लागतात. कोविडच्या ऑटोप्सींमध्ये हेच मोठ्या प्रमाणात दिसलं, सोबत बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्या. असं दिसलं तर रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघू नका, आधी आयसीयूला फोन.

एचपीमध्ये मुख्य सेल लिम्फोसाइट, थोडे प्लाझ्मा सेल, इओसिनोफिल असले तरी तुरळक. फार इओसिनोफिल किंवा फार प्लाझ्मा सेल असतील तर एचपीवर अडून बसू नका.

पायरी ६: ग्रॅन्युलोमा, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आपल्या देशात ग्रॅन्युलोमा (मॅक्रोफेजपासून बनलेल्या पेशींची बारीक गाठ) दिसला की पहिलं नाव टीबी आणि ते बरोबरच आहे, पण तिथेच थांबायचं नाही. तीन गोष्टी बघा: घट्ट आहे की सैल, मध्ये नेक्रोसिस (मेलेला टिश्यू) आहे का, आणि बसलाय कुठे.

टीबीचा नमुनेदार ग्रॅन्युलोमा म्हणजे मध्ये गुलाबी दाणेदार केसिएशन (चीजसारखं दिसणारं नेक्रोसिस), भोवती एपिथेलिओइड सेल (लांबट झालेले मॅक्रोफेज), लँगहान्स जायंट सेल ज्यात न्यूक्लिअस कडेने घोड्याच्या नालेच्या आकारात लागलेले, बाहेर लिम्फोसाइट. सार्कॉइडचा (नेमकं कारण माहीत नसलेला ग्रॅन्युलोमाचा आजार) ग्रॅन्युलोमा घट्ट, रेखीव, नेक्रोसिस नाही, भोवती गुलाबी कोलॅजनचे वेढे, आणि जागा म्हणाल तर लिम्फॅटिकच्या रस्त्यावर, प्लुरा, सेप्टम आणि नळीच्या भोवती. ग्रॅन्युलोमापासून जरा लांबच्या अल्व्हिओलसच्या भिंती सार्कॉइडमध्ये बऱ्यापैकी स्वच्छ असतात.

एचपीचा ग्रॅन्युलोमा सहज निसटतो. त्याला धड आकार नसतो. चार-पाच एपिथेलिओइड सेल, एखादा जायंट सेल, जाड झालेल्या भिंतीत लिम्फोसाइटच्या गर्दीत दडलेला, कधी तर नुसता एकटा जायंट सेलच. ब्रॉंकिओलच्या आसपासच्या भिंतीत २०एक्सवर हळूहळू फिरा आणि टोकदार पांढरी सुईसारखी फट दिसते का बघा, ती कोलेस्टेरॉल क्लेफ्ट, जायंट सेलच्या पोटात असते आणि लांबूनही डोळ्यात भरते, तिच्याभोवती नीट पाहिलं की जायंट सेल सापडतो. या फटी एचपीतच असतात असं नाही, पण शोधायला सोप्या. मग भोवतालच्या भिंती बघा, एचपीत ग्रॅन्युलोमापासून लांबही भिंतींमध्ये लिम्फोसाइट असतातच, सार्कॉइडपासून वेगळं करायला हा मुद्दा माझ्या मते ग्रॅन्युलोमाच्या आकारापेक्षा जास्त भरवशाचा.

२०२० च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये एचपीचे फायब्रोसिस (डाग पडून टणक होणं) नसलेला आणि फायब्रोसिस असलेला असे दोन गट केलेत. पहिल्या गटात ब्रॉंकिओलभोवतीचा लिम्फोसाइटवाला इंटरस्टिशियल न्यूमोनिया, ब्रॉंकिओलायटिस आणि सैल ग्रॅन्युलोमा हे तिन्ही दिसले आणि दुसऱ्या आजाराकडे बोट दाखवणारं काही नसेल तर नमुनेदार एचपी, आणि पहिले दोनच असतील, ग्रॅन्युलोमा नसेल तर "प्रोबेबल". म्हणजे ग्रॅन्युलोमा नाही म्हणून एचपी नाही असं होत नाही.

ग्रॅन्युलोमा कसाही दिसो, झेडएन आणि जीएमएस दोन्ही करायचेच. झेडएन बघताना १०० च्या ऑइल लेन्सखाली नेक्रोसिसचा भाग आणि त्याची कड सावकाश तपासा, बॅसिलाय बारीक, लाल, किंचित वाकलेल्या, मण्यांसारख्या तुटक दिसतात आणि पूर्ण स्लाइडमध्ये दोन-तीनच असू शकतात. शेजारी कंट्रोल स्लाइड ठेवा. ऑरामिन फ्लुरोसन्सची सोय असेल तर शोधणं सोपं जातं. बॅसिलाय दिसल्या नाहीत म्हणून टीबी नाही असं कधीच लिहू नका, "स्टेनवर आढळल्या नाहीत, कल्चर आणि सीबीनॅटसोबत बघावे" असं लिहा (सीबीनॅट म्हणजे टीबीची जीन टेस्ट). कारण एचपी किंवा सार्कॉइड म्हटलं की पेशंटला स्टिरॉइड सुरू होणार आणि आत टीबी लपलेला असेल तर तो भडकणार. उलट चूकही होते, सैल ग्रॅन्युलोमा दिसला म्हणून सहा महिने टीबीची औषधं, आणि पेशंट रोज त्याच कबुतरांच्या खिडकीत बसतोय.

पायरी ७: फायब्रोसिस, कोवळा की जुना

जुना फायब्रोसिस एचईवर (नेहमीच्या स्टेनवर) गडद गुलाबी, सेल कमी. कोवळा फिका निळसर. मॅसन ट्रायक्रोमवर कोलॅजन निळं उठून दिसतं, सुरुवातीला त्याची मदत घ्या.

यूआयपी (युज्वल इंटरस्टिशियल न्यूमोनिया) पॅटर्न ओळखायचा तर फायब्रोब्लास्टिक फोकस नीट बघायला शिका. जुन्या गुलाबी डागाच्या कडेला, हवेच्या जागेकडे फुगलेला, फिका करडा-निळसर छोटा पट्टा, त्यात लांबट सेल पट्ट्याच्या दिशेने झोपलेले, आणि वरून टाइप टू किंवा ब्रॉंकिओलच्या अस्तराचं पांघरूण. शेजारीच जुना डाग, त्याच्या शेजारी जवळजवळ नॉर्मल जाळी, म्हणजे एकाच फील्डमध्ये नवं-जुनं-शाबूत तिन्ही, आणि हे सगळं प्लुराखाली आणि सेप्टमच्या कडेने जास्त. सोबत हनीकॉम्बिंग, म्हणजे ब्रॉंकिओलच्या अस्तराच्या, म्युकसने भरलेल्या पोकळ्या आणि मध्ये जाड डाग. फोर्सेप्सच्या छोट्या तुकड्यावर यूआयपी ठामपणे म्हणणं शक्यतो टाळा, तो सगळा खेळ एका तुकड्यात मावत नाही.

जुना एचपीही शेवटी यूआयपीसारखाच दिसू शकतो. तेव्हा ब्रॉंकिओलभोवती डाग आहेत का, तिथून प्लुरापर्यंत जाणारे फायब्रोसिसचे पूल आहेत का, कुठे एखादा जायंट सेल उरलाय का, हे शोधत बसायचं, सगळ्या ब्लॉकमध्ये. कंटाळा करू नका. आयपीएफमध्ये (कारण न सापडणारा, यूआयपी पॅटर्नचा फायब्रोसिस) प्रेडनिसोन, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन एकत्र दिल्याने मृत्यू आणि हॉस्पिटलायझेशन वाढतात हे पँथर ट्रायलने २०१२ मध्ये दाखवलं, तिथे आता पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब वापरतात. एचपीमध्ये मात्र एक्स्पोजर तोडणं हा पहिला इलाज आणि स्टिरॉइडचाही उपयोग होऊ शकतो.

पायरी ८: रिपोर्ट लिहिताना

सुरुवातीला तुकडे किती, त्यात अल्व्हिओलस आणि ब्रॉंकिओल आहेत का ते लिहा, नुसती ब्रॉंकसची भिंत आली असेल तर "नमुना प्रातिनिधिक नाही" असं स्पष्ट लिहा, "नॉर्मल" लिहू नका, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग जाळीची स्थिती, बदलाची जागा, सेल, ग्रॅन्युलोमा, फायब्रोसिस, स्पेशल स्टेन. काय दिसलं नाही तेही लिहा. शेवटी पॅटर्नचं नाव आणि खाली कॉमेंटमध्ये त्या पॅटर्नची कारणं, शक्यतेच्या क्रमाने. पॅटर्न म्हणजे आजार नाही, एनएसआयपी पॅटर्न एचपीतही दिसतो, स्क्लेरोडर्मातही आणि औषधांमुळेही.

समजा पन्नाशीची बाई, सहा महिने कोरडा खोकला आणि जिने चढताना दम, सीटीत मोझॅइक पॅटर्न (काळ्या-करड्या ठिगळांचा), क्रायोचे चार तुकडे, ब्रॉंकिओलभोवती लिम्फोसाइट, एक सैल ग्रॅन्युलोमा, झेडएन-जीएमएस निगेटिव्ह. मी कॉमेंट अशी लिहीन: "ब्रॉंकिओलसेंट्रिक सेल्युलर इंटरस्टिशियल न्यूमोनिया, सैल ग्रॅन्युलोमासह, ठळक फायब्रोसिस नाही. योग्य एक्स्पोजर असल्यास एचपीशी सुसंगत. पक्षी, कूलर, घरातली ओल, पिसांच्या उशा याबद्दल विचारणा करावी. कल्चरचा रिपोर्ट बघून मगच अंतिम मत. एमडीडीत चर्चा व्हावी." एमडीडी म्हणजे चेस्ट, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी एका टेबलावर, आणि रेसिडेंटने तिथे जाऊन बसायचंच, सीटीतली ग्राउंड ग्लास (धुरकट छटा) आपल्या स्लाइडवर कशी दिसते हे तिथेच कळतं.

सरावासाठी क्रम विचाराल तर आधी नॉर्मल, मग लोबर न्यूमोनिया, मग टीबी, मग सार्कॉइड, त्यानंतर डिफ्यूज अल्व्हिओलर डॅमेज आणि ऑर्गनायझिंग न्यूमोनिया, आणि एचपी, एनएसआयपी, यूआयपी सगळ्यात शेवटी, तिन्हींच्या वेज बायोप्सी शेजारी शेजारी ठेवून, फक्त ४एक्सवर. डिपार्टमेंटच्या जुन्या ब्लॉकमध्ये या सगळ्या सापडतात, रेकॉर्ड रूमच्या टेक्निशियनला विचारा, त्यांना नंबर पाठ असतात.